शनीची कडी किती उघडी? पंचांगातली रास पाहून ओळखा

२०१७ साली दुर्बिणीतून शनी पाहिला आणि मग थेट २०२५च्या नोव्हेंबरात पाहिला, तर दुर्बिणीतच काहीतरी बिघडलंय असं कुणालाही वाटेल. तेव्हाची ऐसपैस कडी जाऊन ग्रहाच्या दोन्ही बाजूंना नुसती बारीक रेघ! गॅलिलिओचीही १६१२ मध्ये अशीच पंचाईत झाली होती. १६१० मध्ये शनीच्या आजूबाजूला दिसलेले दोन ‘सोबती’ अचानक गायब. कडी अर्थातच कुठे जात नाहीत, आपल्याला ती कोणत्या कोनातून दिसतात तेवढं बदलतं. यंदा काय दिसेल हे आधीच ओळखायला ॲप लागत नाही.

१. शनीची रास बघा

शनीचा आस २६.७ अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवतीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत त्या कलण्याची दिशा बदलत नाही. त्यामुळे कड्यांचं रूप शनी आकाशात कुठे आहे यावर ठरतं. आणि तो कुठे आहे, हे साडेसातीच्या धास्तीने निम्म्या घरांत पाठच असतं.

नियम असा: शनी मीन किंवा कन्या राशीत शिरतो, त्या सुमारास कडी मिटलेली. धनू किंवा मिथुनेत शिरतो, तेव्हा पुरी उघडी.

पडताळून पाहा. २३ मार्च २०२५ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणजे कडी आपल्याकडे अगदी कडेने वळली, आणि २९ मार्चला शनी मीनेत आला. त्याआधीचा असा प्रसंग ४ सप्टेंबर २००९चा. त्याच महिन्यात शनी कन्येत गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये कडी २७ अंश उघडली आणि शनी धनूत गेला. फलज्योतिषाचा इथे काही संबंध नाही. आपल्या निरयन राशी ताऱ्यांना बांधलेल्या आहेत, शनीचा आसही ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर आहे, आणि राशींच्या सीमा नेमक्या तिथे पडल्या हा योगायोग. वक्री चालीमुळे काही महिने इकडेतिकडे होणारच.

मीनेपासून कन्येपर्यंतच्या प्रवासात कड्यांची दक्षिण बाजू दिसते, उरलेल्या अर्ध्या फेरीत उत्तर. म्हणजे सध्या दक्षिण बाजू, आणि २०३२ मध्ये शनी मिथुनेत जाईपर्यंत ती उघडतच जाणार. मधूनमधून थोडी मिटल्यासारखी वाटली तर घाबरू नका. तो पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याचा परिणाम.

२. वेळ धरा

प्रतियुतीच्या, म्हणजे शनी सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येतो त्या दिवसाच्या, आसपास तो रात्रभर आकाशात असतो. ती दरवर्षी साधारण दोन आठवडे पुढे सरकते. २०२५ मध्ये २१ सप्टेंबरला होती, म्हणजे ऐन पावसात. २०२६ मध्ये ४ ऑक्टोबर, २०२७ मध्ये १८ ऑक्टोबर. महाराष्ट्रातल्या निरीक्षकांना आता बरे दिवस आलेत!

प्रतियुतीच्या दोन-तीन दिवसांत कडी एकदम उजळ दिसतात, कारण त्यातल्या बर्फाच्या तुकड्यांच्या सावल्या आपल्यापासून लपतात.

३. दुर्बीण

साध्या द्विनेत्रीतून कडी सुटी दिसत नाहीत. ६० मिमी भिंग आणि ५० पट वर्धन पुरतं. शनी चांगला वर येऊ द्या. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून किंवा पत्र्यावरून पाहिलंत तर चित्र नुसतं थरथरत राहील.

कड्यांमधली मोठी काळी फट, तिला कॅसिनीची फट म्हणतात, सुमारे ४,८०० किमी रुंद आहे, पण कडी मिटत आलेली असताना लहान दुर्बिणीतून ती शोधण्यात डोळे शिणवू नका. त्या वर्षांत गोलावरचे पट्टे आणि कड्यांची गोलावर पडलेली सावली बघा.

४. मोजा

चित्र काढा. कड्यांची उभी रुंदी भागिले आडवी लांबी, एवढंच लिहून ठेवा. २०१७ मध्ये हे उत्तर ०.४५ होतं. दोन्ही ध्रुव कड्यांच्या आत जवळपास मावत होते. कडी सात अंश उघडी असतील तर उत्तर ०.१२ येतं.

पुढची मिटामिटी तीनदा आहे: १५ ऑक्टोबर २०३८, १ एप्रिल २०३९ आणि ९ जुलै २०३९. पहिल्या वेळी शनी पहाटेच्या उजेडाजवळ असेल, तिसऱ्या वेळी आपल्याकडे पाऊस. एप्रिलचीच धरा.