नॉर्वेजियन जोडशब्द फोडायचा कसा, क्लिपफिस्क घेऊन बघू

गोव्यात बाकाल्याव हा शब्द बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो, पोर्तुगीजांची ती खारवून सुकवलेली कॉड मासळी. नॉर्वेवाले ती कधीपासून पोर्तुगालला विकतात आणि त्यांच्याकडे तिचं नाव क्लिपफिस्क. नॉर्वेजियन जोडशब्दाचं मूळ शोधायला शिकायचं असेल तर हाच घ्या, यात सगळं येतं.

आधी शब्द मागून वाचा. शाळेत तत्पुरुष समास केलाय ना, तसंच, शेवटचं पद मुख्य आणि लिंगही त्याचंच. फिस्क म्हणजे मासा, पुल्लिंगी, म्हणून क्लिपफिस्कही पुल्लिंगी. मग मधे नुसता जोडायला आलेला स किंवा ए आहे का बघा. सीकेहूसमध्ये आहे: सीक म्हणजे आजारी, हूस म्हणजे घर, झालं हॉस्पिटल. क्लिपफिस्कमध्ये उलट पहिल्या पदाचा, म्हणजे क्लिपे या शब्दाचा, ए गळलाय.

आता पहिलं पद, आणि लोक फसतात ते इथेच. डिक्शनरीत क्लिपे दोनदा सापडतो, एक नाम, खडक, आणि एक क्रियापद, कात्रीने कापणे. ही मासळी मधोमध चिरून सपाट उघडतातच, त्यामुळे कापणे लगेच पटतं, पण थांबा, ती वस्तू बनते कशी ते आधी बघा. मीठ लावलेली कॉड पूर्वी किनाऱ्यावरच्या उघड्या खडकांवर पसरून वाळवायचे, नाव तिथून आलं. उत्तर नॉर्वेतल्या लोफोतेन बेटांवर बिनमिठाची लाकडी मांडवांवर टांगून सुकवतात ती वेगळी, तिला तॉर्रफिस्क म्हणतात, तॉर्र म्हणजे सुकं.

मग एकेक पद मागे न्या. खडकवाला क्लिपे मूळचा तिथला नाही, लो जर्मनमधून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या बोलीतून आलाय, हान्सा या जर्मन व्यापारी संघाच्या लोकांनी नॉर्वेतल्या बर्गेन बंदरात बस्तान बसवलं त्या काळात असे ढीगभर शब्द आले. फिस्क मात्र घरचा आणि खूप जुना, लॅटिन पिस्किसचा भाऊबंद, त्याच पिस्किसपासून पोर्तुगीज पेइश. प चा फ होणं हा नियमच आहे, आपलं संस्कृत पाद, म्हणजे पाय, तिकडे फूत. आणि तॉर्रचं मूळ तर आपल्या तृषेचंच, म्हणजे तहान आणि तॉर्रफिस्क एकाच घरातले, हे मला फार आवडतं!

डिक्शनरीसाठी बोकमोल्सऊर्डबोका ऑनलाइन फुकट आहे, बऱ्याच शब्दांचं मूळ तिथेच दिलेलं असतं. अख्खा जोडशब्द मिळाला नाही तर पदं वेगवेगळी शोधा, पण लिहिताना मधे स्पेस देऊ नका, लामेलोर म्हणजे कोकराची तंगडी आणि लामे लोर असं तोडलं की लुळ्या मांड्या.