यूव्हीएलओ सेट करताय? आधी वायर मोजा

पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये नवीन येणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. यूव्हीएलओ म्हणजे अंडरव्होल्टेज लॉकआउट, इनपुट व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की सर्किट बंद करणारी सोय. अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत लागलो तेव्हा पहिलंच काम मिळालं 12 व्होल्ट बॅटरीवरून 5 व्होल्ट 3 अँपिअर देणाऱ्या बक कन्व्हर्टरचं (व्होल्टेज खाली आणणारं सर्किट), सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीच्या कंट्रोलरसाठी. बॅटरी खाली पंपरूममध्ये, बोर्ड वर.

लेड ॲसिड बॅटरीत सहा सेल, सेलला 1.75 व्होल्ट म्हणजे 10.5 ला बंद करायचं, इथपर्यंत पुस्तकातलं बरोबर होतं. मी 10.5 ला ऑफ आणि 10.9 ला ऑन ठेवलं. टेबलावर एकदम मस्त चाललं, आणि साइटवर बॅटरी उतरायला लागली की रिले टक-टक-टक करत राहायचा, सेकंदाला तीन-चार वेळा, हात ठेवला तर बोर्ड थरथरल्यासारखा वाटायचा.

आमच्या टेस्टिंगच्या काकांनी एकच विचारलं, "अरे, वायर किती लांब टाकलीयस?" पंधरा मीटर, 1 स्क्वेअर एमएम, जाऊन-येऊन अर्धा ओहम. आता हिशोब बघा. आउटपुट 15 वॅट, एफिशियन्सी 90% धरली तर इनपुटला साधारण 16.7 वॅट, म्हणजे 10.5 व्होल्टला 1.6 अँपिअर, वायरमध्येच 0.8 व्होल्ट गेले. बोर्डापाशी 10.5 तेव्हा बॅटरीपाशी 11.3. कन्व्हर्टर बंद झाला की करंट थांबतो, बोर्डापाशी लगेच 11.3 दिसतात, ते 10.9 च्या वर, म्हणून परत चालू, परत ड्रॉप, परत बंद. त्यात व्होल्टेज उतरलं की कन्व्हर्टर करंट वाढवतो, पॉवर तेवढीच लागते ना, म्हणून हे आणखी बिघडतं. हिस्टेरेसिस, म्हणजे ऑन आणि ऑफ व्होल्टेजमधलं अंतर, नेहमी या ड्रॉपपेक्षा चांगलं जास्त पाहिजे, मी दीड व्होल्ट घेतलं.

आमच्या आयसीत ईएन (इनेबल, चालू-बंद ठरवणाऱ्या) पिनचा थ्रेशोल्ड 1.2 व्होल्ट, आणि चालू झाल्यावर पिनमधून 3 मायक्रोअँपिअर बाहेर येतो, त्यानेच हिस्टेरेसिस बनतं. वरचा रेझिस्टर (इनपुट ते ईएन) = 1.5 भागिले 3 मायक्रो = 500 के, म्हणजे किलोओहम, 510 के घेतला, खालचा (ईएन ते ग्राउंड) 56 के. दोन्ही 1% वाले लॅमिंग्टन रोडला मिळतात. ऑन 12.13, ऑफ 10.6.

आणि इथेच दुसरा फटका बसला. पुढच्या लॉटमधले काही बोर्ड पूर्ण चार्ज बॅटरीवरसुद्धा चालूच होईनात! डेटाशीट परत उघडली, 1.2 हे टिपिकल, मिनिमम 1.1 आणि मॅक्सिमम 1.3. म्हणजे ऑन 11.1 पासून 13.1 पर्यंत कुठेही, आणि चार्जर काढून ठेवलेली भरलेली बॅटरी असते 12.7 च्या आसपास. मी फक्त मधला कॉलम वाचला होता. शेवटी थ्रेशोल्डची टॉलरन्स 2% असलेला आयसी घेतला, रेझिस्टरचा फरक धरूनही ऑन 11.7 ते 12.6 मध्ये बसलं. म्हणून सांगतो, तिन्ही कॉलमने गणित करा, वीस मिनिटं लागतात.

टेस्ट करताना बेंच सप्लाय थेट जोडू नका, सिरीजमध्ये अर्ध्या ओहमचा जाड रेझिस्टर टाका, लोड पूर्ण लावा आणि व्होल्टेज 0.1 ने हळूहळू उतरवा, मग चढवा. स्कोप आउटपुटवर ठेवा, टक-टक होणार असेल तर तिथेच दिसेल.

जुलैत अजून एक गोष्ट होते. एवढ्या मोठ्या रेझिस्टरभोवती सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला आणि मुंबईची पावसाळी हवा लागली की बोर्डावर लीकेज सुरू होतं. ईएन ते ग्राउंड नुसतं 1 मेगओहम लीकेज धरा, 56 के चे 53 के होतात आणि ऑन 12.13 वरून 12.74 वर जातं, म्हणजे परत तोच बोर्ड चालू न होण्याचा प्रॉब्लेम, आणि ऊन पडलं की आपोआप बरा. यासाठी आम्ही आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ब्रश मारून बोर्ड धुतो, पूर्ण वाळवतो, मगच कोटिंग करतो. न धुता कोटिंग केलं तर फ्लक्स आतच अडकतो.