प्राचीन संस्कृतींचा भूगोल लिहिताना या चुका टाळा

‘नदीकाठी सुपीक गाळ होता, म्हणून संस्कृती फुलली.’ हे वाक्य परीक्षेच्या उत्तरांत हमखास भेटतं. ते खोटं नाही. पण इजिप्त आणि मेसोपोटेमिया या दोघांनाही ते सारखंच लागू पडतं, मग त्या दोन संस्कृती इतक्या वेगळ्या का घडल्या, हे त्यातून कळत नाही.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पाणी होतं एवढंच लिहिलं जातं, ते कधी यायचं हे राहून जातं. नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाचा. तो जुलैच्या सुमारास चढायचा आणि ऑक्टोबरपर्यंत ओसरायचा. मग ओल धरलेल्या गाळात गहू-सातू पेरायचे, आपल्याकडे काळ्या रानात ओलीवर रब्बी ज्वारी येते तसेच. इजिप्तच्या पंचांगात म्हणून ऋतू तीनच: पूर, पेरणी, कापणी. मेसोपोटेमियातल्या टायग्रिस-युफ्रेटिस नद्यांचा पूर मात्र बर्फ वितळल्यावर, एप्रिल-मेमध्ये, पीक कापणीला आलेलं असताना! तेव्हा बांध घालून उभं पीक वाचवायचं आणि पेरणीच्या दिवसांत, नदी आटलेली असताना, पाटाने पाणी आणायचं. पाट गाळाने भरणार, उपसायला माणसं लागणार, त्यांना सातू मोजून द्यावे लागणार. सुमेरच्या, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियाच्या, मातीच्या पाट्यांवर मजुरांच्या शिध्याचे हिशेब आहेत.

‘वरचा इजिप्त’ नकाशात वर दाखवणं ही दुसरी नेहमीची चूक. नाईल उत्तरेकडे वाहते, त्यामुळे वरचा इजिप्त दक्षिणेला येतो. वारा बहुतेक उत्तरेकडून वाहतो. म्हणून उत्तरेला जाताना प्रवाहावर, दक्षिणेला येताना शिडावर. त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेच्या प्रवासाला शीड उभारलेली होडी आहे आणि उत्तरेच्या प्रवासाला शीड उतरवलेली. मला हे चिन्ह फार आवडतं, अख्खा भूगोल त्यात बसलाय.

आजचा नकाशा जुन्या काळावर ठेवू नका. सुमेरचं उर हे बंदर होतं, आज त्याचे अवशेष समुद्रापासून खूप आत आहेत. आणि प्रत्येक हडप्पाकालीन शहर मोठ्या नदीवरच होतं असंही नाही. कच्छच्या रणातलं धोलावीरा दोन हंगामी ओढ्यांचं पाणी अडवून, तलावांत साठवून जगलं.

भूगोलानेच सगळं ठरवलं असं लिहिण्याआधी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातली इनामगावची प्राचीन वस्ती आठवा. इसवी सनापूर्वी १००० च्याही आधी इथल्या शेतकऱ्यांनी बांध घालून पुराचं पाणी पाटात वळवलं. घोड नदी त्याआधीही तिथून वाहतच होती.