डोक्यासाठी बदाम, पण बीपीची गोळी बंद: मेंदूच्या बाबतीत या चुका टाळा

साठी ओलांडलेलं माणूस नावं विसरू लागलं की आमच्या गोव्यातल्या घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. 'वय झालं' म्हणून विषय तिथेच संपतो, नाहीतर फार्मसीतून स्मरणशक्तीचं टॉनिक येतं. भिजवलेले बदाम सोलून दिले जातात, कुणीतरी ब्राह्मीचं तेल सुचवतं. त्याच घरात बीपीची गोळी मात्र 'आता बरं वाटतंय' म्हणून महिनाभर बंद असते. मला कळकळीने सांगायचंय ते हेच. मेंदूचं बरंचसं नुकसान डोक्याबाहेर सुरू होतं. रक्तवाहिन्यांत, कानात, झोपेत, ताटात त्याची सुरुवात होते आणि तिथे कुणाचं लक्षच नसतं.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. गोव्यात तर 2011 च्या जनगणनेतच साठीपुढच्यांचा वाटा 11 टक्क्यांवर होता, केरळच्या खालोखाल. दिलासा देणारी गोष्ट अशी की 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये हातात असलेली 14 कारणं मांडली. ती सगळी आयुष्यभर सांभाळली तर जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत टॉनिक कुठेच नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, कान, डोळे, तंबाखू, दारू, डोक्याला मार, एकटेपणा अशी नावं आहेत.

गोळी आपल्या मनाने थांबवणं

वाढलेलं बीपी दुखत नाही, म्हणून गोळी सुटते. पण मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात. वर्षानुवर्षं दाब सोसून त्या कडक होतात, तुंबतात, आणि कुणाला कळणारही नाही असे छोटे छोटे झटके येऊन जातात. माणूस हळू विचार करू लागतो, हिशेबात अडखळतो, चिडका होतो. चाळिशी ते पासष्टीच्या दरम्यानचं बीपी पुढच्या स्मरणशक्तीसाठी सगळ्यात महत्त्वाचं मानलं जातं. म्हणजे ज्या वयात 'मला काय झालंय' म्हणत आपण तपासणी टाळतो, नेमकं तेच वय. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वरचं बीपी 120 च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलेल्या लोकांमध्ये, 140 चं लक्ष्य ठेवलेल्यांच्या तुलनेत, विसराळूपणाची सुरुवातीची पायरी कमी जणांना गाठावी लागली. हा निष्कर्ष 2019 चा. तुमचा आकडा किती असावा ते मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. वय झालेल्या माणसाचं बीपी फार खाली आलं तर उठताना चक्कर येऊन तो पडतो.

मिठाचा विषय इथेच येतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी महाग, मग आठवडेच्या आठवडे खाऱ्या बांगड्यावर आणि सुक्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) किस्मुरीवर निघतात. सोबत लोणचं आणि पापड असतोच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. खारा बांगडा सोडा असं मी म्हणणार नाही. तो दोनदा पाणी बदलून भिजवा, आणि ज्या दिवशी तो ताटात असेल त्या दिवशी लोणच्याची बरणी फडताळातच राहू दे. मासळी बंदी उठली की मात्र बांगडे आणि तारले मनसोक्त खा. इसवणाच्या (सुरमईच्या) मानाने स्वस्त म्हणून त्यांना कमी लेखलं जातं, पण मेंदूला हवी असलेली ओमेगा-3 चरबी त्यांच्यात भरपूर आहे. रोज रव्यात घोळून तळण्यापेक्षा हुमण, म्हणजे माशांची आमटी, करा.

'बाबांना काही लक्षात राहत नाही', आणि कान कुणीच तपासलेले नाहीत

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती अगदी सहज सुधारता येते.

आमच्या भजनी मंडळातले एक काका आयुष्यभर झांज धरून बसलेले. गजराला त्यांची झांज उशिरा पडू लागली, हे सगळ्यांत आधी पखवाजवाल्याच्या लक्षात आलं. मग भजनानंतर प्रसाद घेताना बाकीचे गप्पा मारायचे आणि काका नुसती मान डोलवायचे. 'बस किती वाजताची?' असं विचारलं तर 'हो, बरा आहे' असं उत्तर. पुढे ते खांबापाशी मागे बसू लागले, नंतर येईनासे झाले. घरच्यांनी सांगितलं, हल्ली त्यांना काही आठवत नाही. शेवटी सुनेने त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही कानांची उंच स्वरांची बाजू बरीच गेली होती. बोलण्यातले स, फ, त, क हे आवाज त्याच पट्टीत येतात. ते गेले की माणसाला बोलणं ऐकू येतं, पण उलगडत नाही.

जे कानातून नीट आत गेलंच नाही ते लक्षात कसं राहणार? शिवाय प्रत्येक शब्द ओळखण्यासाठी मेंदूला इतकी ओढाताण करावी लागते की अर्थ लावायला आणि साठवायला ताकद उरत नाही. मग माणूस चार लोकांत जाणं सोडतो, आणि त्या एकटेपणाचा मेंदूवर वेगळा परिणाम होतो. 2023 मध्ये अमेरिकेत श्रवणयंत्रांची तीन वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. एकंदर सगळ्यांचा विचार करता फारसा फरक दिसला नाही, पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच जास्त होता त्यांच्यात घसरण 48 टक्क्यांनी मंदावली.

यंत्र घेतलं आणि ते खणात पडून राहिलं, ही पुढची चूक. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःच्या चपलांचा आवाज सगळंच अंगावर येतं. काकांच्या सुनेने पहिला आठवडा ते फक्त तासभर, दारं लावून, एकाच माणसाशी बोलताना लावायला दिलं. मग ओसरीवर, आणि सगळ्यात शेवटी फोंड्याच्या बाजारात. ऑडिओग्रामशिवाय, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाशिवाय, ऑनलाइन मागवलेलं आवाज वाढवणारं स्वस्त यंत्र म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. ते नको असलेला आवाजही तेवढाच वाढवतं. आणि यंत्राच्या आधी एकदा मळ तपासून घ्या. कधी कधी तेवढंच असतं. काडी किंवा हेअरपिन कानात घालू नका.

तरुणांनाही एक सांगणं. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री स्पीकरच्या भिंतीला टेकून उभी असलेली मुलं बघून माझ्या पोटात गोळा येतो. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपुढे कानाला इजा करतो, आणि आवाज वाढेल तशी ही मुदत झपाट्याने घटते. हातभर अंतरावरच्या मित्राशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथून दूर व्हा. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

झोपेबद्दलचे गैरसमज

दुपारच्या झोपेला माझा विरोध नाही. शीत-कडी जेवून अर्धा तास पडलं तर बरंच वाटतं. पण एक वाजता पडून चारला उठायचं, मग रात्री बारापर्यंत मोबाइल, मग झोप येत नाही म्हणून गोळी, हे चक्र वाईट. झोपेत मेंदू दिवसभराचा टाकाऊ माल धुऊन काढतो, हे 2013 मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसलं. माणसांच्या बाबतीत अजून अभ्यास चालू आहे, पण अपुऱ्या झोपेनंतर लक्ष आणि स्मरण घसरतं यात शंका नाही. शिगम्याची किंवा दशावतारी काल्याची एखादी जागलेली रात्र याने काही बिघडत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे.

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज काढून टाका. घोरता घोरता श्वास थांबतो, मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन परत सुरू होतो, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग? मग ती झोपेतली श्वासबंदी असू शकते, आणि त्यावर उपचार आहे. हे लक्षण झोपलेल्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्यानेच सांगायचं.

झोपेच्या गोळ्या, आणि सर्दी-खाज-ॲलर्जीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या, म्हाताऱ्या माणसांचं डोकं धूसर करतात. रोज चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा. मात्र झोपेची जुनी गोळी एकदम तोडू नका.

हुर्राकाला सरबत समजणं

काजू फेणीत सुमारे 42 टक्के अल्कोहोल असतं. 60 मिलीच्या मोठ्या पेगात साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आलं. लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी पातळी धरली आहे ती आठवड्याला 168 ग्रॅमच्या पुढची. रोज एक पेग आणि रविवारी दोन, इतक्यात माणूस त्या रेषेजवळ येतो. आणि घरात फेणी मापाने कोण ओततं? उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्यांदा गाळलेली दारू, तर लिंबू, सोडा, मीठ, मिरची घालून थंडाई म्हणून ग्लासावर ग्लास जातं. ते साधारण 15 टक्के धरलं तरी 200 मिली हुर्राकात फेणीच्या पेगापेक्षा जास्त दारू आहे. न जेवता पिणाऱ्यांना बी-1 जीवनसत्त्वाची कमतरता होऊन कायमचा स्मृतिनाश होऊ शकतो. कमीत कमी पिणं चांगलं, अजिबात न पिणं त्याहून चांगलं.

'इथेच तर जायचंय'

वाड्यावरून बाजारापर्यंत स्कूटरवर हेल्मेट नाही, मागे बसलेल्या बाईच्या डोक्यावर तर नाहीच. डोक्याला लागलेला मार वीस-तीस वर्षांनीही आपला हिशेब मागतो. म्हाताऱ्यांसाठी पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्याच्या पायऱ्या आणि विहिरीकडची वाट जास्त धोक्याची, सगळीकडे शेवाळ असतं. मृगाच्या आधीच पायऱ्या खरवडून घ्या आणि कठड्याला धरायची सोय करा.

पडल्यावर 'काही लागलं नाही' म्हणून विसरून जाऊ नका. वय झालेल्यांत, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत राहतं. दोन-तीन आठवड्यांनी डोकेदुखी, सुस्ती, चालताना झोक जाणं, गोंधळ सुरू होतो. घरच्यांना तो स्मृतिभ्रंश वाटतो. सीटी स्कॅनमध्ये ते दिसतं आणि छोट्या शस्त्रक्रियेने माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो.

सुडोकूवर भिस्त

मोबाइलवरचे मेंदूचे खेळ खेळून माणूस मुख्यतः तो खेळ चांगला खेळू लागतो. वाईट काही नाही, पण पुरेसंही नाही. मुलं पुण्यात नाहीतर आखातात, मोठ्या घरात दोघंच किंवा एकटीच आई, दिवसभर टीव्ही. अशा घरात मला गावच्या जत्रेतलं नाटक आठवतं. संवाद पाठ करणं, दुसऱ्याच्या वाक्याची वाट बघणं, रंगमंचावर कुठे उभं राहायचं ते ध्यानात ठेवणं, आणि रोज संध्याकाळी चार माणसांत जाणं. आईला नाटकात घ्या, फुगडीच्या पथकात घ्या, चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना कोणतं फळ कुठे ते तिलाच सांगू द्या. सोबत आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं हवंच. पावसात बाहेर पडता येत नसेल तर देवळाच्या मंडपात फेऱ्या मारा.

विसरणं सुरू झालं असेल तर

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, नाव उशिरा आठवणं, याची फार काळजी नको. तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणं, नेहमीच्या वाटेवर चुकणं, आयुष्यभर केलेल्या हुमणाची कृती अडणं, पैशाच्या व्यवहारात घोळ, स्वभावच बदलणं, यासाठी मात्र डॉक्टर हवा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच न्या. बीपी, शुगर, थायरॉईड, बी-12, सोडियम, कान आणि डोळे तपासले गेले का, ते विचारा. पक्के शाकाहारी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात बी-12 कमी असण्याची शक्यता जास्त, आणि ती भरून काढता येते. मनाची उदासीही विसराळूपणासारखी दिसते. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि मनोरुग्णांसाठीची आयपीएचबी ही संस्था शेजारी शेजारीच आहेत. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका.

काल ठीक असलेला माणूस आज अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवी गोळी, किंवा बीपीच्या भीतीने मीठ पूर्ण तोडल्यावर आणि वरून लघवीची गोळी चालू असताना घसरलेलं सोडियम, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ घड्याळात बघून ठेवा आणि 108 ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून निघायचं असेल तर वाटेतच बराच वेळ जातो. म्हणून तेल चोळत, पाणी पाजत, मुलाची वाट बघत थांबू नका. तोंडातून काहीही देऊ नका, गोळीसुद्धा नाही.