कोयता निघण्याआधी: ऊसतोड कामगारांची मुलं गावच्या शाळेत कशी टिकवायची

बीड, जालना, परभणी, लातूर, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर दिवाळीच्या आगेमागे शाळेचा पट कागदावर तसाच राहतो आणि वर्ग मात्र निम्मा होतो. आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्याकडे जातात आणि लेकरं त्यांच्यासोबत गाडीत बसतात. मार्च-एप्रिलमध्ये ती परत येतात तोवर वर्ष गेलेलं असतं. या मुलांसाठी काही करू पाहणारी मंडळं बहुतेक वेळा दप्तरं-वह्या वाटतात. त्या वाटू नयेत असं नाही, पण मूलच गावात नसेल तर वही कुणासाठी? खरी मदत म्हणजे आईबाप जातील तेव्हा मूल मागे राहील अशी सोय करणं, आणि ते काम पावसाळ्यातच सुरू करावं लागतं.

कारण साधं आहे. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतली जाते आणि मुकादमाशी, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराशी, बोलणी तेव्हाच होतात. कोण जाणार, किती कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), सोबत कोण, हे दसऱ्याच्या आधी घराघरात ठरलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये गेलात तर लोक ऐकून घेतात, हो म्हणतात आणि लेकराला घेऊन जातात.

म्हणून ऑगस्टमध्ये घरोघर फिरून यादी करा. यादीत मुलाचं नाव, वय, इयत्ता, कोणता मुकादम, कोणता कारखाना, मागे घरात कोण राहणार आणि धाकटी भावंडं किती, एवढं असू द्या. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घरात दोन-तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर त्याला सांभाळायला दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी हमखास नेली जाते. पहाटे आई फडात (तोडणीच्या उसात) गेली की कोपीवर (मुक्कामाच्या झोपडीवर) चूल, पाणी आणि बाळ तिच्याकडेच. अशा घरी शिक्षणाचं महत्त्व सांगून उपयोग होत नाही, बाळाचा प्रश्न सोडवावा लागतो. आजी धडधाकट असेल तर आजीने बाळासोबत जायचं आणि मुलीने चुलतीकडे राहायचं, असा मार्ग बऱ्याच घरांत निघतो. बाळ तीन वर्षांपुढचं असेल तर ते अंगणवाडीत घालून दोघंही गावात राहू शकतात.

बंजारा तांड्यावर जाताना आधी तिथल्या पुढाऱ्यांना, नायक आणि कारभाऱ्यांना, भेटा. त्यांच्या समोर शब्द दिला की आईबापांना भरवसा वाटतो. पारधी वस्तीवर मात्र गावातला माणूस अचानक वही-पेन घेऊन आला की लोकांना पोलिसांची चौकशी आठवते. तिथे पहिल्या दोन भेटींत काही लिहून घेऊ नका.

हंगामी वसतिगृह

समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहाची सोय आहे आणि ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीने ठराव घ्यायचा, यादी जोडायची आणि मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्यायचा. सप्टेंबर सरण्याआधी तो पोहोचला पाहिजे. यादीत एकही खोटं नाव नको. तपासणीला आलेल्या माणसाला तीसऐवजी अठरा मुलं दिसली की त्या अठरांचंही जेवण धोक्यात येतं.

सरकारी पैसा उशिरा येतो, हे धरूनच चाला. वसतिगृह बंद पडतं ते इथेच: मुलं राहिलेली असतात, किराणा दुकानदार उधारी थांबवतो, आणि आजी फोन करून मुलाला फडावर पाठवून देते. मंडळाची मदत या जागी लागते. सुरुवातीचे दोन महिने निघतील एवढं धान्य आधीच भरून ठेवा. तीस मुलांच्या संध्याकाळच्या जेवणाला रोज साधारण 5 किलो ज्वारीचं पीठ, 2 किलो तांदूळ आणि सव्वा किलो तूरडाळ लागते. साठ दिवसांचे झाले 3 क्विंटल ज्वारी, 120 किलो तांदूळ आणि 75 किलो डाळ. तेल, शेंगदाणे, भाजी वेगळी. नवी रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चशिवाय येत नाही, म्हणून मागच्या वर्षीच्या कणगीतली ज्वारी शेतकऱ्यांकडून गणपतीच्या दिवसांतच मागून ठेवा. ती उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली नाही तर डिसेंबरपर्यंत सोंडे (धान्यातले किडे) होतात. दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच, तेव्हा सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

मंडळाची संस्था म्हणून नोंदणी नसेल तर पैसे गोळा करू नका, वस्तू घ्या आणि आलेली प्रत्येक वस्तू समितीच्या वहीत चढवा. नोंदणी आणि 80जी (देणगीदाराला करसवलत देणारी आयकराची मान्यता) असलेल्या संस्थेनेही 2,000 रुपयांवरची देणगी रोख घेऊ नये, कारण तिच्यावर देणगीदाराला करसवलत मिळत नाही.

रात्रीची व्यवस्था हा सगळ्यात जोखमीचा भाग. शक्य तिथे मुलांनी आजी-आजोबांकडे झोपावं. शाळेच्या खोलीत झोपवणार असाल तर मुलींसाठी वेगळी खोली, आतून कडी, चालू दिवा, संडासपर्यंत उजेड आणि मुक्कामाला दोन महिला हव्यात. एक बाई आजारी पडली म्हणून एखाद्या रात्री पुरुषाच्या भरवशावर सोडायचं नाही. स्वयंपाकी, स्वयंसेवक, रखवालदार, सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घ्या. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहा. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगी मागे ठेवायला आईबाप घाबरतात आणि त्या भीतीतूनच लग्न लवकर उरकतात. त्यांना खोली दाखवा, मुक्कामाच्या बाईची ओळख करून द्या. लग्नाची कुणकुण लागली तर गावात ग्रामसेवकच (आता ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी कळवा.

आईबापांशी बोलणं ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी करून द्या. दिवसभर फडात फोन लागत नाही, रात्री वाहन भरायचं असतं. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला बहुतेक जण कोपीवर सापडतात. फोन चुकला की लहान मुलं दोन दिवस जेवत नाहीत.

संध्याकाळचे दोन तास

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला पाच मिनिटं समोर बसवून वाचायला द्या: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. मग इयत्ता विसरून याच चार पायऱ्यांवर गट पाडा. सलग दोन-तीन हंगाम फडावर गेलेलं पाचवीतलं मूल शब्दांवर अडकलेलं असू शकतं, त्याला पाचवीचा धडा उतरवायला लावणं म्हणजे वेळ घालवणं. गृहपाठ पुरा करून घेण्यातच बहुतेक अभ्यासिका संपतात. वह्या भरतात आणि वाचन तिथल्या तिथे राहतं. पंधरा मुलांमागे एक शिकवणारा, रोज अर्धा तास वाचन, अर्धा तास लेखन, अर्धा तास गणित, उरलेल्या वेळात खेळ आणि गाणी. जोडाक्षरं घाईने घेऊ नका.

तांड्यावरची पहिली-दुसरीची मुलं घरी गोरबोली (बंजारा बोली) बोलतात, वडार आणि कैकाडी मुलांची बोलीही वेगळी. ‘आई’ला ‘याडी’ म्हणणाऱ्या मुलाला मराठी येत नाही म्हणजे ते मंद आहे असा शिक्का बसतो, आणि मग ते बोलतच नाही. तांड्यातलीच बारावी झालेली मुलगी शिकवायला मिळाली तर निम्मं काम झालं. तिला मानधन द्या.

जी मुलं जातातच

काही जातीलच. निघताना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड आणि आधारची प्रत सोबत द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून कुठलीही सरकारी शाळा 6 ते 14 वयाच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं. गाडी सेंटरचे, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारे लोक हंगामभर कारखान्याच्या अड्ड्यावरच राहतात, तिथे जवळच्या शाळेत नाव घालणं जमतं. ट्रॅक्टरवरच्या टोळ्या गावोगाव हलतात, त्यांच्या मुलांना मागेच ठेवण्यासाठी जास्त जोर लावा. कर्नाटकात जाणाऱ्यांना मराठी शाळा सगळीकडे मिळत नाही.

मे-जूनची कामं

आईबाप घरी असतात ते हेच दिवस. जातीच्या दाखल्यांची कामं आत्ताच उरका, नाहीतर आठवी-दहावीत शिष्यवृत्ती आणि वसतिगृह दोन्ही अडतं. बंजारा, वडार, कैकाडी यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. फासेपारधी, आंध, कोलाम अनुसूचित जमातीत येतात, त्यांच्यासाठी तारीख 6 सप्टेंबर 1950. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा जात वैधता प्रमाणपत्र शोधा. निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत आहेत, त्यांचं भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो.

आठवीतल्या मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50) आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, एवढी अट आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा नावामुळे: आधारवर एक, शाळेच्या पटावर दुसरं, बँकेत तिसरं. सहावीतच तिन्ही कागद शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळवून घ्या, आणि दुरुस्ती आधी आधारमध्ये करायची की शाळेच्या पटावर, हे मुख्याध्यापकांना विचारून मगच सेवा केंद्रात जा.