महायुद्धात गेलेल्या पणजोबांचं नाव कसं शोधावं

‘पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आले नाहीत.’ सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत एवढंच वाक्य उरलेलं असतं. (बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर.) ना फोटो, ना समाधी. कागदोपत्री नोंद मात्र पुष्कळदा असते. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांमधून लढताना गेलेल्या सुमारे १७ लाख जणांची नावं आणि स्मारकं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन सांभाळतं. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा खर्च मुख्यतः सहा देशांची सरकारं उचलतात. भारत त्यांपैकी एक. संकेतस्थळावरच्या शोधाला पैसे पडत नाहीत.

१. आधी पदक काढा. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक रोमन अक्षरांत कोरलेली असते. कृपा करून ते चिंचेने घासू नका, अक्षरं आधीच उथळ झालेली असतात. खिडकीशी तिरकं धरा आणि थोडं थोडं फिरवत मोबाइलने कडेचे फोटो घ्या.

२. नावापेक्षा नंबरावर भरवसा ठेवा. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलंय. संकेतस्थळावर शोधताना ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही घालून बघा. आडनावाच्या रकान्यात आडनावच असेल असं नाही. तिथे ‘गणपत’ किंवा ‘बाबाजी’सुद्धा निघतो. एकच नंबर दोन पलटणींत असू शकतो, म्हणून पलटण जुळवून घ्या. जादा माहितीच्या रकान्यात गाव किंवा तालुका टाकूनही शोधता येतं.

३. तारखा तपासा. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यूच यात धरलेत. घरी परतून या तारखांनंतर वारलेले इथे सापडणार नाहीत. १९६२, १९६५, १९७१च्या शहिदांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक बघावं लागेल.

४. कबर नाही म्हणून थांबू नका. हिंदू शिपायांचं रणभूमीवर दहन होई, तेव्हा नाव स्मारकाच्या भिंतीवर असतं. माणगाव तालुक्यातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत पडले. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. समुद्रात बुडालेल्या खलाशांसाठी मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये चौकशी करा.

बसऱ्याची गोष्ट वेगळी, आणि मला ती आजही खुपते. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये इराकमधल्याच कुत शहरात वेढ्यात अडकली, तिच्यात मराठा पलटणी होत्या. पण बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. त्यांची नावं वहीत गेली. ती आता संकेतस्थळावर मिळतात, म्हणून भिंतीचा फोटो बघून निराश होऊ नका.

५. काहीच सापडलं नाही तर कमिशनला लिहा. नावं गळालीत हे त्यांनाही मान्य आहे: २०२१ साली त्यांच्याच समितीने पहिल्या युद्धातल्या किमान १ लाख १६ हजार जणांची, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी, हिंदी आणि इजिप्शियन माणसांची, नावाने नोंदच झाली नसावी असं सांगितलं. सोबत पदकाच्या कडेचे फोटो, पेन्शनचा कागद असेल तर तो जोडा. गावाचं नाव हल्लीच्या स्पेलिंगने आणि जुन्या इंग्रजी कागदावर दिसतं तसंही लिहा.