मोडी कागदाची तारीख कशी लावावी

मराठेशाहीवर काम करू लागलेल्या अभ्यासकाला मोडी अक्षर काही महिन्यांच्या सरावाने लागते. तो अडतो तो तारखेपाशी. रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या दफ्तराच्या गठ्ठ्यातून, निघालेल्या कागदावर इसवी सन नसतो, आणि जे असते त्याचे घाईने रूपांतर केले की पुढचे सगळे अनुमान एका वर्षाने घसरते. म्हणून आधी कागदावरचा कालनिर्देश जसाच्या तसा, अशुद्धासकट, उतरवून घ्यावा आणि मगच जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणारे कोष्टक, उघडावी.

पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत चालणारा सौर वर्षांचा सन, अरबी शब्दांत असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. येथे एकं आणि दहं यांचे शब्द सारखे दिसतात, तिकडे डोळा ठेवावा: सीत म्हणजे सहा व सितैन म्हणजे साठ, सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर, तिसा म्हणजे नऊ व तिसैन म्हणजे नव्वद. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नसल्याने ही चूक मुरलेल्या वाचकांकडूनही होते. सुहूर वर्ष सूर्य मृगात शिरतो तेव्हा, म्हणजे उत्तर पेशवाईत साधारण जूनच्या आरंभी, बदलते. तेथून डिसेंबरअखेरपर्यंत सुहूर सनात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत.

महिना व दिवस मात्र हिजरी असतात. 'छ ६ जमादिलाखर' यातला 'छ' म्हणजे चंद्र, आणि त्याच्या पुढचा अंक हा चंद्रदर्शनापासूनचा दिवस. चंद्र बहुधा शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो आणि हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे चंद्र १ हा शुद्ध तृतीयेच्या दिवसाशी जुळतो. अंकात दोन मिळवले की तिथीचा अंदाज येतो. पानिपतच्या लढाईचा दिवस घेऊन हे ताडून पाहावे. वरचा 'छ ६ जमादिलाखर' हाच तो दिवस; चंद्र ६ म्हणजे शुद्ध ८. मराठी साधनांतली मिती पौष शुद्ध ८, शके १६८२, विक्रम संवत्सर, बुधवार अशीच आहे. पौषातला हा दिवस जानेवारीत पडत असल्याने शकात ७९ मिळवून १७६१ येते, सुहूर ११६१ मध्ये ६०० मिळवूनही तेच येते, आणि १४ जानेवारी १७६१ ला बुधवारच होता. संवत्सराचीही परीक्षा करता येते: शकात १२ मिळवून ६० ने भागले असता बाकी १४ उरते आणि प्रभवापासून चौदावा संवत्सर विक्रमच आहे. वार, तिथी, संवत्सर आणि सन यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय तारीख पक्की धरू नये. एखाद्या दिवसाचा फरक मात्र चंद्रदर्शनामुळे पडतो, त्याने बिचकण्याचे कारण नाही.

खरी मेख पुढे आहे. सुहूर वर्ष ३६५ दिवसांचे आणि बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे, त्यामुळे दर सुहूर वर्षात सुमारे अकरा दिवसांच्या चंद्रतारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. याच इहिदे सितैन सालातले 'छ २५ सव्वाल' हे १० जून १७६० च्या सुमारास येते आणि ३० मे १७६१ च्या सुमारासही येते. एक तारीख पानिपतापूर्वीची, दुसरी नंतरची! अशा वेळी जंत्री निकाल देत नाही, मजकूर देतो. पत्रात भाऊसाहेब, म्हणजे पानिपतावर पडलेले मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ, उत्तरेच्या वाटेवर आहेत की त्यांच्या मागे राहिलेल्या देण्याघेण्याची निरवानिरव चालली आहे, एवढ्यावरून वर्षभराचा फरक मिटतो.

पत्राच्या मागे किंवा माथ्यावर 'पौ' असे लिहून आणखी एक तारीख दिलेली आढळते. ती पैवस्तीची, म्हणजे पत्र पोहोचल्याची असते; तिला लेखनाची तारीख समजू नये, पण टिपून अवश्य ठेवावी, कारण डाकेला किती दिवस लागले हे तिच्यावरूनच कळते. 'छ मजकूर' (वर सांगितलेला चंद्र) किंवा 'साल गुदस्त' (गेले साल) एवढेच असेल तर आधीचा कागद शोधल्याशिवाय गत्यंतर नाही.

परकीय साधने जोडताना कालगणनेची पद्धत विचारात घ्यावी. मुंबईचे इंग्रज सप्टेंबर १७५२ पर्यंत जुन्या (ज्युलियन) पद्धतीने तारखा घालत आणि गोव्याचे पोर्तुगीज त्याच्या कितीतरी आधीपासून नव्या (ग्रेगोरियन) पद्धतीने, म्हणून १७३९ च्या वसई मोहिमेत एकाच दिवसाला दोघांच्या पत्रांत अकरा दिवसांचे अंतर दिसते. सतराव्या शतकात हेच अंतर दहा दिवसांचे होते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही रूढ तारीख जुन्या पद्धतीची आहे, आणि हे न सांगता तिच्याशेजारी गोव्याच्या पत्राची तारीख ठेवणे ही प्रबंधांत वारंवार दिसणारी चूक आहे.

टिपणात मूळ निर्देश आधी लिहावा, काढलेली तारीख चौकटी कंसात द्यावी, आणि दोन पर्याय उरत असतील तर दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह घालावे.